सदतीस दारं, अडतीस किल्ल्या

बिबवेवाडी,
दसऱ्याचा दुसरा दिवस, दुपारचे सव्वाचार

दुसऱ्यांच्या किल्ल्या जिवापाड सांभाळणाऱ्या, आणि तरीही घरात एक चमचा सापडला नाही की सगळ्यात आधी जिच्याकडे पाहिलं जातं, अशा माझ्या तमाम भगिनींनो!

(वन्सं, क्षमा करा. तीस वर्षं शाळेत आणि त्याहून जास्त वर्षं सभांमध्ये बोलत आले, त्यामुळे कोरा कागद समोर आला की मला आधी गर्दी दिसते. आजच्या गर्दीत तुम्ही एकट्याच आहात. तरी वाक्य खोडत नाही. ते तुम्हालाही तंतोतंत लागू आहे, हे पुढे कळेलच.)

ती. मुक्तावन्सं यांना वासंतीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? निरगुडीचा पाला बांधता ना? म्हैस व्याली का? तुमच्या मांजरी गावाला यंदा पाऊस मापात झाला म्हणे, पण त्याच पावसात तुमच्या दारातला टेलिफोनचा खांब आडवा झाला आणि गणपतीपासून तुमचा फोन मुका आहे, असं मच्छिंद्र सांगत होता. म्हणून हे पत्र. मच्छिंद्रला तुम्ही ओळखता, तुमच्याच आळीतला, झेंडूच्या टेम्पोचा. तो खाली उभा आहे आणि पाच वाजता टेम्पो हलवणार आहे. दर पाच मिनिटांनी हॉर्न वाजवून मला वेळेचं भान देतो. अक्षर वेडंवाकडं आलं आहे त्याबद्दल रागावू नका. लिहायला बसले आहे ती जागा थोडी चढउताराची आहे. आणि कागदांच्या पाठच्या बाजूला जो टाइप केलेला मजकूर दिसेल तो वाचायचा नाही. तो मीच लिहिलेला आहे, पण सध्या मला त्याचं तोंड पाहायचं नाही.

गणपतीत आपल्या दोघींमध्ये जे झालं, त्याचा विषय आज काढणार नाही. (मी तेव्हा जे बोलले ते बारा माणसांसमोर बोलले आणि तुम्ही एका शब्दाने उत्तर दिलं नाही. सभेत याला प्रतिपक्षाची हार म्हणतात. घरात काय म्हणतात ते मला गेला सव्वा महिना सुचलेलं नाही.)

आता आनंदाची बातमी, कारण हे पत्र मुळात आनंदाचं आहे. येरवड्याची सात मजली इमारत आपल्याला मिळाली! आज दुपारी एक वाजता कागदावर सही झाली. नऊ नव्या बायकांना सोमवारपासून काम. त्यात आमच्या बायडाबाईंची सून सरुबाईसुद्धा आहे, जिला आत्तापर्यंत कोणी 'तुझं शिक्षण काय' याच्यापुढे दुसरा प्रश्नच विचारला नव्हता. पण ही सही कशी झाली ते सांगितल्याशिवाय तुम्हाला माझी आजची स्थिती कळायची नाही.

आमचा धंदा तुम्हाला ठाऊकच आहे. मी, सोजरबाई आणि बायडाबाई अशा तिघींनी सुरू केला, आज अकरा जणी आहोत. लोकांची कार्यालयं आम्ही ती उघडण्याआधी झाडून-पुसून लखलखीत करतो. म्हणजे साहेब लोक साडेनऊला येतात तेव्हा त्यांना वाटतं की फरशी रात्रीतून आपोआप चमकते. आता मालक येण्याआधी आत जायचं तर किल्ली आपल्याकडे हवी. दाताचे डॉक्टर, हिशेबनीस, शिकवणीचे वर्ग, विमेवाले, एक वाचनालय, एक मंगल कार्यालय, अशी आमच्याकडे सदतीस दारं आणि सदतीस किल्ल्या. पिठाच्या गिरणीमागच्या आमच्या गाळ्यात एका फळीवर आकडे मारले आहेत आणि त्यांवर त्या टांगलेल्या असतात. किल्लीच्या टॅगवर फक्त नंबर. कुठल्या नंबराचं कुठलं दार, ते एका वहीत, आणि वही कपाटात कुलूपबंद. ही पद्धत माझी. चोराला किल्ली सापडली तरी दार सापडू नये! यावर मी चौदा पानांची, एकवीस कलमांची 'किल्ली-संहिता' लिहिली आहे. (याच पानांच्या पाठीवर हे पत्र आहे. पुन्हा सांगते, वाचू नका.)

येरवड्याच्या इमारतीचे व्यवस्थापक माधव म्हणून आहेत, पस्तिशीचे असतील. भाद्रपदात आमची पहिली भेट झाली. माणूस सभ्य. चहा दिला, बिस्किटं दिली आणि मग म्हणाले, "मॅडम, काम तुमचंच घेऊ. फक्त किल्ल्या वॉचमनकडे राहतील. तुमच्या बायका गेटबाहेर थांबतील, तो एकेक दार उघडून देईल, आणि जाताना पिशव्या तपासेल. शेवटी चौऱ्याऐंशी खोल्यांचा प्रश्न आहे, आणि अशा बायकांच्या हातात..."

वन्सं, 'अशा' या शब्दावर मी उभी राहिले. बिस्किट खाली ठेवलं. त्यांना म्हटलं, ज्या हातांनी तुमच्या टेबलावरची धूळ पुसायची, तुमच्या कागदांना न वाचता सरळ करायचं, तुमच्या खुर्चीखाली पडलेली नोट उचलून तुमच्याच कपाखाली ठेवायची, त्या हातांना किल्ली का नाही? जगाच्या इतिहासात ज्याच्या हातात किल्ली त्याची सत्ता, आणि ज्याच्या हातात झाडू त्याने दाराबाहेर उभं राहायचं, ही वाटणी कोणी केली? बायका तुमच्या गेटबाहेर थांबणार नाहीत. आमच्या बायकांकडे किल्ली नाही, तर तुमच्या इमारतीकडे आमच्या बायका नाहीत! (माधव साहेब वीस मिनिटं ऐकत होते. मध्ये दोनदा त्यांनी फोनकडे आशेने पाहिलं, पण तो वाजला नाही.) शेवटी म्हणाले, "ठीक आहे मॅडम. दसऱ्यानंतर मी तुमच्याकडे येतो. किल्ल्या सांभाळायची तुमची प्रोसेस दाखवा. पटली तर चौऱ्याऐंशी किल्ल्या देतो, नाहीतर वॉचमन."

दिवस ठरला आजचा. वेळ अकराची.

आता खंडेनवमीला काय झालं ते ऐका. मी त्या दिवशी तळेगावला नवरात्र व्याख्यानमालेत होते. विषय होता 'स्त्रीचे स्वत्व'. आदल्या दिवशी निघताना सोजरबाईंनी विचारलं, "बाई, उद्या आपल्या हत्यारांची पूजा करायची ना?" मी म्हटलं, मूर्तीपुढे हात जोडायला मला सांगू नका, पण श्रमाच्या साधनांचा सन्मान हा मी सर्वोच्च धर्म मानते, अवश्य करा, मनापासून करा. (माझं हेच चुकतं. 'हो' म्हणायचं असतं तिथे मी सिद्धांत मांडते, आणि ऐकणारा त्या सिद्धांतावर अंमल करतो.) सोजरबाईंनी मनापासून केली. झाडू धुतले, बादल्या घासल्या, पोछ्यांच्या काठ्यांना झेंडू बांधला. मग त्यांची नजर फळीवर गेली. तुमच्या घरी विळा-कोयत्याची करतात तशी इथे किल्ल्यांची का नको? पण किल्ल्या काळ्या पडलेल्या, टॅगच्या दोऱ्या तेलकट. म्हणून त्यांनी सगळ्या दोऱ्या कात्रीने कापल्या, किल्ल्या चिंचेच्या पाण्यात भिजवल्या, रांगोळीने घासल्या आणि पाटावर लाल कापड घालून त्यांचं आठ पाकळ्यांचं कमळ मांडलं. प्रत्येक किल्लीला हळद-कुंकू. मधोमध नारळ. दसऱ्याला सुट्टी, पूजेतलं हत्यार उचलायचं नसतं, म्हणून कमळ तसंच राहिलं.

आज पहाटे साडेपाचला आम्ही अकरा जणी गाळ्यात जमलो. शटर वर केलं. वन्सं, मी इतकं सुंदर दृश्य आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिलं आहे. किल्ल्या सोन्यासारख्या चमकत होत्या. आणि एकीच्याही गळ्यात टॅग नव्हता.

मी विचारलं, "सोजरबाई, टॅग?"

"हायेत की! टाकले न्हाईत. ह्या डब्यात लावून ठिवलेत, एकपासून सदतीसपर्यंत, वळीनं. एक बी हरवला न्हाई, मोजून घ्या."

खरंच एकही हरवला नव्हता. टॅग सगळे होते, किल्ल्या सगळ्या होत्या. नवरे सगळे मांडवात, नवऱ्या सगळ्या मांडवात, कोणाचं लग्न कोणाशी ठरलं होतं एवढंच कोणाला माहीत नव्हतं. साडेनऊला सदतीस कार्यालयं उघडणार, त्याआधी ती झाडून व्हायला हवीत. अकराला माधव साहेब आमची पद्धत पाहायला येणार. आणि ती पद्धत हळद-कुंकू लावून, आठ पाकळ्यांची होऊन पाटावर बसली होती.

अशा वेळी माणसाचा खरा स्वभाव बाहेर येतो. माझा आला. मी शेजारच्या बादलीवर चढले (पालथी होती) आणि म्हटलं, "मैत्रिणींनो, इतिहासात असे क्षण येतात..."

बायडाबाई साठीच्या आहेत, अंगठा लावून पगार घेतात, आणि आमच्यात सगळ्यात कमी बोलतात. त्या पाटाजवळ बसकण मारत म्हणाल्या, "बाई, भाषण मागनं. उतरा खाली. आधी किल्ल्या."

आणि त्यांनी कमळातली एक पाकळी उचलली. बघितलीसुद्धा नाही. अंगठा आणि दोन बोटांत घेऊन हवेतच एकदा फिरवली, जसं समोर दार आहे. "ही दाताच्या डॉक्टराची. हिला लावली की दार गुडघ्यानं वर उचलावं लागतं." बाजूला ठेवली. दुसरी. "ही वाचनालयाची. अर्धी फिरवायची, थांबायचं, मग उरलेली. घाई केली की अडकून बसती." तिसरी घेतली तोच सोजरबाईंनी ती हातातून ओढली. "ही माझी! शिकवणीच्या वर्गाची. हिची मान वाकडी हाय. मागल्या उन्हाळ्यात माझ्याच हातनं वाकली." (ही वाकल्याची नोंद संहितेच्या नवव्या कलमाप्रमाणे वहीत व्हायला हवी होती. झाली नव्हती. मी तोंड उघडलं. बायडाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड मिटलं.) मग सगळ्याच जणी गोल करून बसल्या. कोणी डोळे मिटून, कोणी किल्ली कानाशी वाजवून, कोणी दात मोजून. "ही मंगल कार्यालयाची, जड हाय." "अगं नाही, ती हिशेबनिसाची, मंगल कार्यालयाचीला भोक मोठंय." "विमेवाल्याची मला द्या, ती अंगठ्याला चावती, हे बघा वण." हसणं काय, एकमेकींच्या हातावर चापट्या काय! मी गप्प बसून दोऱ्या ओवत होते आणि टॅग बांधत होते. तीस वर्षं मी लोकांना सांगत आले की ज्ञान ही काही शिकलेल्यांची मक्तेदारी नाही. आज पहाटे मला पहिल्यांदा ते खरं वाटलं.

सव्वासहाला सदतीस टॅग सदतीस किल्ल्यांना लागले. सगळ्या जणी धावल्या. एकही दार अडलं नाही. साडेनऊला सदतीस साहेबांना सदतीस फरशा चमकताना दिसल्या.

फक्त पाटावर नारळाशेजारी एक किल्ली उरली. अडतिसावी.

तिचा टॅगच नव्हता. वहीत तिचं दार नव्हतं. हातोहात फिरली, कोणाच्याही बोटांना ती ओळख देईना. शेवटी बायडाबाईंनी तिला उलटीसुलटी केली आणि म्हणाल्या, "बाई, ही कामाची किल्ली न्हाई. हिला हातच लागला न्हाई. दात बघा कसे कोरे. ज्या घरात आत कुणीतरी दार उघडायला बसलेलं असतं ना, त्या घराची किल्ली अशी ऱ्हाती." मी म्हटलं, वा, काय निरीक्षण आहे! आणि किल्ली टेबलावर ठेवून दिली.

अकराला माधव साहेब आले. मी संहिता काढली. पहिलं कलम वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्यावर ते घड्याळाकडे पाहू लागले. हे माझ्या लक्षात आलं, आणि वन्सं, वक्त्याला सगळं सहन होतं, श्रोत्याचं घड्याळ सहन होत नाही. मी संहिता मिटली आणि सकाळची सगळी हकीकत त्यांना सांगून टाकली. कात्रीसकट, चिंचेसकट. सोजरबाईंनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला तो अजून दुखतो आहे. पण मी खोटं बोलून किल्ल्या मागणार नव्हते. विश्वास हवा म्हणून मी भाद्रपदात वीस मिनिटं बोलले होते, आता माझी पाळी होती.

माधव साहेब उठले. फळीवरच्या पाच किल्ल्या काढल्या, पाठ करून त्यांचे टॅग सोडून त्याच क्रमाने दुसऱ्या हातात धरले, आणि एकेक किल्ली बायडाबाईंपुढे केली. "मावशी, सांगा."

बायडाबाईंनी पदर डोळ्यांवर ओढला. (हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या सभांना येऊन येऊन त्यांनाही थोडं वळण लागलं आहे.) पहिली सांगितली. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. माधव साहेब वहीत बघत होते, दर वेळी मान हलवत होते. मग हातावर सहावी पडली. बायडाबाई थांबल्या. ती मुठीत मिटून धरली.

"ही आमची न्हाई," त्या म्हणाल्या. "ही तुमच्या खिशातली हाय साहेब. अजून गरम हाय."

त्यांच्या स्कूटरची होती! माधव साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "मॅडम," ते म्हणाले, "वॉचमनला मी काय सांगायचं ते मी बघतो." आणि पिशवीतून चौऱ्याऐंशी किल्ल्यांचा जुडगा काढून त्यांनी माझ्या नव्हे, बायडाबाईंच्या हातात ठेवला. बायडाबाईंनी तो कपाळाला लावला आणि मग मला दिला. मी आयुष्यात कितीतरी हार घेतले आहेत, वन्सं. इतकं जड काही गळ्यात पडलं नव्हतं.

इथे मी थांबायला हवं होतं. सही झाली होती, पेढे आले होते. पण निघताना त्यांची नजर टेबलावर गेली. "ही कोणाची?"

अडतिसावी.

मी म्हटलं, "साहेब, हिचं दार अज्ञात आहे. आणि आमच्या संहितेचं अकरावं कलम स्पष्ट आहे. अज्ञात दाराची किल्ली जवळ ठेवणं म्हणजे न केलेल्या चोरीची तयारी! अशी किल्ली चोवीस तासांच्या आत, साक्षीदारांसमोर, नष्ट केली जाईल." त्यांना नुसतं वाचून दाखवलं असतं तरी पुरे होतं. पण त्या क्षणी माझ्यात काय संचारलं कोण जाणे, मी शेजारचे किल्लीवाले दत्तोबा यांना हाक मारली. ते पकड आणि लोखंड कापायची करवत घेऊन आले. अकरा बायका, एक व्यवस्थापक आणि गिरणीतली दळणाची रांग अशा सर्वांसमोर दत्तोबांनी त्या किल्लीचे दोन तुकडे केले. टाळ्या! माधव साहेब म्हणाले, "मॅडम, ही शिस्त." मी दोन मिनिटं बोलले. छान झालं भाषण. माझ्या आयुष्यातल्या पाच चांगल्या भाषणांत धरायला हरकत नाही.

तर अशी ही आनंदाची वार्ता. भावोजींना नमस्कार, म्हशीला कुरवाळा, गुडघा जपा.

तुमची भावजय,
वासंती

ता.क. १. हे (तुमचे बंधू सर्जेराव) सुखरूप आहेत. आज सकाळी आठ वाजता पेन्शनर मंडळींबरोबर कोल्हापूरला गेले. सोमवारी येतील. दार व्यवस्थित ओढून घेऊन गेले आहेत. त्यांची किल्ली त्यांच्या खिशात आहे.

ता.क. २. मी तळेगावला जाताना माझ्या दोन छत्र्या आणि एक चष्मा याआधी व्याख्यानांत हरवले आहेत हे आठवून, आपल्या घराची किल्ली गाळ्यातल्या फळीच्या शेवटच्या आकड्याला अडकवून गेले होते. हे मला आज दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, आपल्या दारासमोर, पर्समध्ये हात घातल्यावर आठवलं. अकरा वर्षं या घरात राहते. मी घंटी वाजवते आणि हे आतून दार उघडतात. तुमच्या भावाने एकदाही 'किल्ली नेली नव्हतीस का' असं विचारलं नाही. बायडाबाईंनी दोन बोटांत धरून माझा अख्खा संसार सांगितला, आणि मी म्हटलं, वा, काय निरीक्षण आहे.

ता.क. ३. दत्तोबांकडे दोन तुकडे घेऊन गेले होते. जोडून किंवा बघून दुसरी करून द्या म्हटलं. ते म्हणाले, "बाई, तुकड्यावरून किल्ली करायची न्हाई, तुमचंच सातवं कलम. माझ्या मशीनवर हात ठेवून शपथ घ्यायला लावलीत." कुलूप फोडायला तयार आहेत. पण समोरच्या उल्काबाई दार किलकिलं करून बसल्या आहेत. दोनदा चहा आणून दिला आणि दोनदा विचारलं, "तुमचा तर किल्ल्यांचाच व्यवसाय ना हो?" सहीची शाई वाळायच्या आत माझ्याच दाराचं कुलूप फुटलं, ही बातमी त्या येरवड्यापर्यंत पायी नेऊन पोचवतील. मी दुसऱ्या मजल्याच्या जिन्याच्या पाचव्या पायरीवर बसून हे लिहिते आहे. मांडीवर चौऱ्याऐंशी किल्ल्या आहेत (नव्या किल्ल्यांचे टॅग त्याच दिवशी स्वहस्ते बांधावेत, कलम चार). एकही या दाराला लागत नाही. सगळ्या लावून पाहिल्या.

ता.क. ४. आता गणपतीचा विषय काढते. वास्तुशांतीला तुम्ही म्हणालात, "एक किल्ली माझ्याकडे राहू दे," आणि ती घेऊन गेलात. अकरा वर्षांत एकदाही लावली नाहीत. तरी मी यंदा आरतीनंतर बारा माणसांसमोर तुम्हाला म्हटलं की माझ्या घराची किल्ली दुसऱ्याच्या खिळ्यावर का, तिथे तिचं काय काम, आणि घराचं स्वराज्य वगैरे पंधरा मिनिटं. तुमच्या चाळीतल्या त्या भाडेकरणीने तुमच्याकडे किल्ली ठेवून परत आल्यावर डब्यातली तूरडाळ मोजली होती, तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत. ते मला माहीत होतं, तरी मी तेच केलं. भाद्रपदात माधव साहेब 'अशा बायकांच्या हातात' म्हणाले तेव्हा मी बिस्किट खाली ठेवून उभी राहिले. त्याच भाद्रपदात, तुमच्यासमोर, मीच माधव साहेब होते. मला कोणी उभं राहून उत्तर दिलं नाही, एवढाच फरक. माझं चुकलं, वन्सं. हे वाक्य मी सभेत कधी बोललेले नाही, म्हणून जिन्यावर लिहिते आहे.

ती किल्ली मला परत नको. ती तुमच्याकडेच राहील. माझ्यानंतरसुद्धा. फक्त आजचा दिवस उसनी हवी आहे. मच्छिंद्र सात वाजता दुसरी खेप घेऊन मार्केट यार्डात परत येणार आहे, आणि हे पत्र तुमचं वाचून होईपर्यंत ओट्यावर बसून राहा, असं मी त्याला सांगितलं आहे.

तेव्हा उठा वन्सं! देवघरापर्यंत जा, उजव्या हाताच्या खिळ्यावरची ती किल्ली काढा (परवा तुम्हीही तिची पूजा केली असणार, कुंकू पुसू नका), आणि आत्ताच्या आत्ता मच्छिंद्रच्या हातात द्या.